एडमंड लिडकॉटची सबब

भाजीच्या फळीवर पाण्याचा बारीक फवारा सुरू झाला म्हणून सुलेखानं कोथिंबिरीवरचा हात मागे घेतला, आणि तेवढ्यात शेजारी उभ्या असलेल्या बाईनं तो ओला हात आपल्या दोन्ही हातांत धरला. बाई अनोळखी होती. साठी उलटलेली, पांढरे केस बारीक कापलेले, गॉगल कपाळावर चढवलेला. "यू आर श्रीराम्स वाइफ," ती म्हणाली. प्रचाराच्या पत्रकावर तिनं फोटो पाहिला होता. पुढे तिनं जे सांगितलं ते टोमॅटो आणि ढोबळी मिरचीच्या मधे उभं राहून कुणी कुणाला सांगावं असं नव्हतं. हिवाळ्यात तिच्या मुलाला मोठा अपघात झाला होता. आयसीयूच्या बाहेर ती एकटीच बसली होती, तेव्हा श्रीराम आला, तिच्यासमोर फरशीवर गुडघे टेकून बसला आणि त्यानं तिच्या मुलासाठी प्रार्थना केली. मुलगा आता काठीशिवाय चालतो. "आय हॅव हर्ड पीपल प्रे ऑल माय लाइफ, हनी," बाई म्हणाली. "दॅट मॅन मीन्स इट." तिचे डोळे भरून आले, तिनं सुलेखाचा हात दाबला, सोडला, गाजरांची पिशवी उचलली आणि निघून गेली. सुलेखा थँक यू म्हणाली होती की नाही, हे तिला नंतर आठवेना.

गाडीत येऊन बसल्यावर तिच्या लक्षात आलं, की कोथिंबीर राहिलीच. मेचा शेवट होता, ह्यूस्टनकडून येणारी दमट हवा पार्किंगमधल्या डांबरावर बसून राहिली होती. गाडीत एसी सुरू होईपर्यंत श्वास घेणंही नकोसं वाटत होतं. गुडघे टेकून? ज्या माणसाला गणपतीच्या आरतीला खुर्ची लागते, ज्याचे गुडघे जिना उतरताना कटकट वाजतात, तो हॉस्पिटलच्या फरशीवर गुडघे टेकून बसला? तिला आधी हसूच आलं. काय हा माणूस, एका मतासाठी! मग हसू विरलं. मतासाठी माणूस हात हलवतो, पोरांना उचलून घेतो, बार्बेक्यूच्या रांगेत उभं राहून आपण खात नाही ते मांस कागदाच्या बशीत घेऊन फिरतो. हे सगळं श्रीरामनं केलं होतं आणि घरी येऊन दोघं त्यावर हसले होते. पण हॉस्पिटलची गोष्ट त्यानं घरी सांगितली नव्हती. जे खोटं घरी येऊन सांगितलं जात नाही, ते कसलं खोटं? मंगळवारी मतदान होतं. आज शनिवार. एवढे तीन दिवस कसेबसे निघाले की हे सगळं संपेल, असं स्वतःला बजावत तिनं गाडी बाहेर काढली, आणि रस्ताभर दोन्ही बाजूंना गवतात रोवलेले श्रीरामच्या नावाचे फलक तिच्याकडे बघत राहिले.

खरं तर ही सगळी युक्ती तिचीच होती. तिची म्हणजे एडमंड लिडकॉटची, पण एडमंड लिडकॉटला मरून चारशे वर्षं झाल्यामुळे जबाबदारी तिच्यावर येते. सुलेखा कॉलेजात इतिहास शिकवायची, आणि तरुणपणाची चांगली वर्षं तिनं ट्यूडर काळातल्या एका इंग्रज जमीनदार घराण्यावर घालवली होती. वॉरविकशरचे लिडकॉट. राजे नव्हेत, सरदार नव्हेत. जमीन बऱ्यापैकी, डोकं त्याहून बरं. प्रत्येक पिढीत एक मुलगा लंडनला कायदा शिकायला जायचा, परत येऊन गावचा न्यायाधीश व्हायचा, जमलं तर पार्लमेंटात बसायचा. आठव्या हेन्रीनं पोपशी काडीमोड घेतला, त्याच्या एका मुलीनं जुना धर्म परत आणला, दुसरीनं पुन्हा घालवला, आणि या सगळ्या उलथापालथीत शेजारपाजारच्या घराण्यांच्या जमिनी गेल्या, काहींची डोकी गेली. लिडकॉट मात्र होते तिथेच राहिले. कसे राहिले, हा तिच्या पुस्तकाचा विषय. एलिझाबेथच्या राज्यात दर रविवारी राणीच्या धर्माच्या चर्चला हजर राहणं सक्तीचं होतं, नाही गेलं तर जबर दंड. एडमंड लिडकॉट दर रविवारी जायचा. पहिल्या बाकावर बसायचा, गावाला दिसेल असा. त्याची बायको मार्जरी एकदाही गेली नाही. ती घरात माडीवरच्या खोलीत जुन्या धर्माची प्रार्थना म्हणायची, पोरांना शिकवायची, कधीमधी लपून आलेल्या पाद्र्याला जेवू घालायची. लग्न झालेल्या बाईच्या नावावर कायद्यानं काहीच नसायचं, त्यामुळे तिच्याकडून दंड वसूल करणं सरकारला अवघड जायचं. नवऱ्यानं बाहेर मान तुकवायची, बायकोनं आत ताठ ठेवायची. मात्र एडमंड चर्चला गेला तरी एक गोष्ट करत नसे. पाव आणि वाइनचा तो विधी आला, की तो बाकावरून उठत नसे. कुणी विचारलं तर सबब ठरलेली: शेजाऱ्याशी गिरणीला पाणी देणाऱ्या पाटावरून माझा दावा चालू आहे, मनात वैर आहे, आणि वैर असलेल्या माणसानं प्रभूच्या टेबलाजवळ जाऊ नये असं तुमचाच धर्म सांगतो. शेजारी तोच, पाट तोच, वैर तेच, वर्षानुवर्षं. वर्गात हे सांगितलं की मुलं खो खो हसायची. सुलेखाला मात्र त्या सबबीत नवराबायकोचा करार दिसायचा. तो मान तुकवायचा, पण घास घ्यायचा नाही, कारण घरी मार्जरी वाट बघत असे. सगळं पुस्तक या एका वाक्यावर उभं होतं. पुस्तक मोजक्या लोकांनी वाचलं, त्यातल्या निम्म्यांनी तिच्याशी भांडायला. एका इंग्रज म्हाताऱ्यानं परीक्षणात लिहिलं होतं, की लेखिकेनं एडमंडच्या मनात काय चाललंय हे ठरवताना त्याला विचारायचं राहून गेलं. तेव्हा ती खूप चिडली होती.

आणि मग दीडेक वर्षापूर्वी श्रीरामनं जेवताना सांगितलं, की काउंटीच्या कोर्टात जज्जच्या जागेसाठी तो उभा राहतोय. टेक्सासात जज्ज लोक निवडून देतात. सुलेखानं पोळीचा तुकडा तसाच धरून ठेवला, कारण तिला माहीत होतं की ही हौस नव्हती. तेलाच्या कंपनीत इंजिनियर म्हणून पुण्याहून आलेला हा माणूस, मंदीत एका सकाळी खोक्यात टेबलावरचं सामान भरून घरी आला होता. गॅरेजमधे ते खोकं ठेवून बराच वेळ बाहेरच आला नाही. चाळिशी आल्यावर संध्याकाळच्या वर्गांना जाऊन त्यानं कायदा केला, पोरीच्या वयाच्या मुलांबरोबर परीक्षा दिल्या, आणि एकदा कुठल्याशा खटल्यात एका जज्जनं दोन मिनिटांत एका मजुराची बाजू ऐकून त्याला न्याय दिला तेव्हा घरी येऊन तो म्हणाला होता, "सुलू, असं काम करायला मिळालं तर बाकी काही नको." ते बाकी काही नको तिनं जपून ठेवलं होतं. म्हणून जेव्हा प्रचार सांभाळणारी नीना म्हणाली, "काका, इथे लोक सगळ्यात आधी विचारतात, विच चर्च?", तेव्हा सुलेखाच हसत म्हणाली, "मग जा की! तू एडमंड हो, मी मार्जरी. बाहेरची खिंड तू लढव, आतली मी." त्या दिवशी तिघंही पोट धरून हसले होते. पुढच्या रविवारी तो गेला. त्याच्या पुढच्या रविवारीही गेला. हळूहळू बुधवारी सकाळी पुरुषमंडळींच्या नाश्त्यालाही जायला लागला. आल्यावर ती विचारायची, "काय एडमंड, वैर टिकून आहे ना?" तो हसायचा. अलीकडे नुसतंच हसायचा.

आतली खिंड म्हणजे तरी काय होती, हे तिनं स्वतःला नीट विचारलं नव्हतं. तिच्या अमरावतीच्या घरात देवच नव्हते. वडील विज्ञानाचे शिक्षक, सत्यनारायणाला बोलावलं तर दारातून नारळ परत पाठवणारे. देव आले ते लग्नानंतर, सासूबाईंबरोबर. अन्नपूर्णा, बाळकृष्ण, टाक, सगळे एका स्टीलच्या डब्यात मऊ कापडात गुंडाळून विमानातून आले. सासूबाई गेल्यावर श्रीराम कधी देवांच्या कोनाड्याकडे वळला नाही, आणि सुलेखाला ते बघवलं नाही, म्हणून तिनं दिवा लावायला सुरुवात केली. विश्वासानं नाही, त्याच्या आईचं आहे, त्याचं आहे, कुणीतरी सांभाळायला हवं, म्हणून. गौरी बसवल्या, हळदीकुंकू केलं, मराठी मंडळात मोदकांची जबाबदारी घेतली. मंडळातल्या गुरुदत्तकाकांनी गेल्या महिन्यात तिला बाजूला घेऊन विचारलं, "श्रीराम हल्ली तिकडे जातो म्हणे?" तर ती तडफेनं म्हणाली, "काका, राजकारण आहे ते. घर मी सांभाळते." काकांनी मान हलवली होती, पण समाधान झाल्यासारखी नाही.

दुपारी नीना आली तेव्हा तिच्या गाडीत फलकांचे गठ्ठे होते आणि चेहऱ्यावर काळजी. नीना ह्यूस्टनमधेच वाढलेली, तिशीची, बोलताना एकाच वेळी दोन फोन बघणारी. "काकू, आय नीड यू टुमारो," ती बूट न काढताच दारातून म्हणाली, मग आठवण होऊन काढले. भागातल्या लोकांच्या एका ऑनलाइन ग्रूपवर कुणीतरी लिहिलं होतं: हा माणूस दर रविवारी एकटाच का येतो, याची बायको कुठे असते, घरी कुणाची पूजा करते, आणि मग हा आपल्याला फसवतोय की तिला? खाली दीडदोनशे लोक तावातावानं बोलत होते. "वी आर टाय्ड, काकू. लिटरली टाय्ड, दोघं अगदी बरोबरीत. एकदाच या. बसा त्यांच्या बाजूला. उद्या त्यांचं कम्युनियन पण आहे, ते ब्रेड आणि ज्यूसचं. ती प्लेट पास होते ना, ती सगळे बघतात." सुलेखा म्हणाली, "म्हणजे मी ते खायचं?" नीना म्हणाली, "मी तसं नाही म्हणत. पण यू नो. लोक बघतात." मग तिनं घड्याळाकडे पाहिलं, चहा अर्धाच पिऊन ती पुढच्या चौकात फलक लावायला गेली. सुलेखानं बेलव्ह्यूला लेकीला, रीमाला, फोन लावला. मुलगी कुठल्यातरी मीटिंगमधून बाहेर येऊन बोलत होती. "मॉम, इट्स अ क्रॅकर," रीमा म्हणाली. "बाबाचं ड्रीम आहे हे. तू कशात बिलीव्हच करत नाहीस, मग व्हॉट आर यू प्रोटेक्टिंग?" सुलेखाला राग आला. मुलीचा नव्हे, प्रश्न बरोबर होता याचा.

संध्याकाळी श्रीराम उद्यासाठी शर्टाला इस्त्री करत होता. हे काम त्यानं कधी तिला करू दिलं नाही. कॉलर, मग खांदे, मग बाह्या, असा त्याचा ठरलेला क्रम. सुलेखा दारात उभी राहून त्याची पाठ बघत होती आणि तिच्या मनात आलं, हीच पाठ त्या बाईनं वाकलेली पाहिली. "मी येते उद्या," ती म्हणाली. इस्त्री थांबली. "नीनानं सांगितलं का? तू नको येऊस. मी सांगतो तिला." "लोक बोलतायत, श्रीराम." "बोलू देत. खरंच नको येऊस." त्याच्या आवाजात विनवणी होती, आणि ती तिला इतकी गोड वाटली की तिचा अर्धा राग उतरला. हा आपल्याला वाचवतोय, तिला वाटलं. आपल्याला तिथे बसून खोटं वागायला लागू नये म्हणून हा निवडणूक घालवायला तयार आहे. पण उरलेल्या अर्ध्या रागानं विचारलंच. "हॉस्पिटलमधे एका बाईच्या मुलासाठी प्रार्थना केलीस तू?" तो वळला नाही. "हो." "काय म्हणालास?" "आठवत नाही." "गुडघे टेकून?" "सुलू, तिचा मुलगा मरत होता." "म्हणून तर विचारतेय. मरणाऱ्या मुलाच्या आईसमोर इतकं हुबेहूब खोटं बोलता येतं तुला? मला भीती वाटायला लागलीये तुझी." आता तो वळला. त्यानं तिच्याकडे बघितलं, काही बोलायला तोंड उघडलं, आणि मग शर्ट उचलून हँगरला लावायला लागला. "बटणं लावून ठेवतो, नाहीतर चुरगळेल," तो म्हणाला. ती तशीच उभी राहिली. नवराबायकोत न बोललेल्या गोष्टी साठत जातात हे तिला काय नवीन होतं? पण आजवर ती समजत होती की त्या गोष्टी काय आहेत, हे आपल्याला माहीत आहे.

चर्च म्हणजे तिच्या डोक्यातलं दगडी चर्च नव्हतंच. एवढी मोठी शेड, एवढं मोठं पार्किंग, नारिंगी जाकिटं घातलेली माणसं गाड्यांना हात करत होती, आत कॉफी मिळत होती, आणि एसी इतका थंड की सुलेखाच्या अंगावर काटा आला. तिनं साडी नेसावी की नेसू नये यावर नीनानं दोनदा मेसेज केले होते. शेवटी ती निळा कुडता घालून आली होती. लोक उठून भेटायला येत होते. "सो ग्लॅड यू केम." "वी हॅव बीन होपिंग." सगळेच मनापासून बोलत होते हा मोठाच त्रास होता, कुणी कुत्सित असतं तर तिला बरं वाटलं असतं. श्रीराम पहिल्या ओळीकडे गेला नाही. मधे, जरा कडेला, एका ठरावीक खुर्चीवर जाऊन बसला, जणू ती त्याचीच होती. शेजारच्या म्हाताऱ्यानं न बघता त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि काढला. एडमंड पहिल्या बाकावर बसायचा, सुलेखाच्या मनात आलं. दिसायचंच असेल तर माणूस पुढे बसतो. हा विचार तिनं लगेच झटकला. गाणी झाली, पडद्यावर शब्द येत होते, श्रीरामचे ओठ हलत होते आणि तो पडद्याकडे बघत नव्हता. पाठ केलीन! ती मनात म्हणाली. परीक्षेची सवय.

मग दिवे जरा मंद झाले आणि तबकं निघाली. पुढच्या ओळींतून हाताहातानं ती मागे सरकत होती, त्यात पावाचे बारीक चौकोनी तुकडे, आणि दुसऱ्या तबकात द्राक्षाच्या रसाचे अंगठ्याएवढे पेले. पास्टर, चाळिशीचा, जीन्स घातलेला, मृदू आवाजात सांगत होता, की तुकडा हातात धरून ठेवा, सगळ्यांना मिळाला की आपण एकत्र घेऊ. आणि ज्यांचा यावर विश्वास नाही, त्यांनी तबक खुशाल पुढे सरकवावं. कुणी काही म्हणणार नाही. आम्हाला तुमचा खरेपणा जास्त मोलाचा आहे. सुलेखाला तो माणूस एकदम आवडला आणि त्याच क्षणी त्याची चीडही आली. कुणी काही म्हणणार नाही! मागे तीन ओळींवर नीना बसली होती, तिची नजर मानेवर टोचत होती. पलीकडच्या खुर्च्यांवरची एक बाई मघापासून पुन्हा पुन्हा इकडे बघत होती. मार्जरीला पकडून अशा बाकावर आणून बसवलं असतं तर तिनं काय केलं असतं? मार्जरीपाशी निदान देव होता. नाही म्हणायला तिच्याकडे कारण होतं, तुरुंगात घेऊन जाता येईल असं कारण. आपल्याकडे काय आहे? दारातून नारळ परत पाठवणारा बाप. स्टीलच्या डब्यातले देव, तेही सासूबाईंचे. मग एवढं जड का वाटतंय? तबक तिच्या ओळीत शिरलं. तिच्याच बाजूनं येत होतं. आधी ती, मग श्रीराम. तिला स्वच्छ दिसत होतं की आपण ते पुढे सरकवलं तर मंगळवार गेला. गॅरेजमधलं ते खोकं तिला दिसलं, आणि त्याच्या शेजारी उभा असलेला, घरात यायला लाजणारा चाळिशीचा श्रीराम. त्याला पुन्हा तसं बघायचं? एका क्रॅकरसाठी? तबक तिच्या मांडीवर आलं. तिनं एक तुकडा उचलला. तो इतका हलका होता की बोटांना तो आहे असं वाटेना. बापाच्या घरातून आणलेली एकच वस्तू, तो नकार, आपण आत्ता देऊन टाकली, असं तिला वाटलं, आणि कुणासाठी दिली तेही माहीत होतं. तिनं तबक श्रीरामकडे दिलं. श्रीरामनं ते दोन्ही हातांनी धरलं, क्षणभर त्याकडे पाहिलं, आणि शेजारच्या म्हाताऱ्याकडे सरकवलं.

त्यानं घेतलं नाही. पलीकडची बाई बघत होती. तिनं ते पाहिलं. मागे नीनानंही पाहिलं असणार. सुलेखाच्या कानात गरम रक्त चढलं. हातात तुकडा घट्ट धरून तिनं डोळे मिटले आणि तिला सगळं एकदम कळलं, निदान कळलं असं वाटलं. त्याला माहीत नव्हतं आपण घेऊ. त्यानं आपल्याकडे पाहिलंच नाही, आपण सरकवूनच दिलं असेल असं तो धरून चालला, आणि आपल्याला एकटं पाडायचं नाही म्हणून त्यानंही सरकवलं. सगळ्यांच्या देखत, मतदानाच्या तोंडावर. ही त्याची गिरणीच्या पाटाची सबब. एवढी वर्षं ती वर्गात जे सांगत होती, म्हाताऱ्या समीक्षकानं ज्याची टिंगल केली होती, ते तिच्या शेजारच्या खुर्चीवर घडलं होतं. काल आपण त्याला काय काय बोललो! तिला त्याच्याबद्दल इतकं प्रेम वाटलं की डोळ्यांच्या कडांतून पाणी आलं. पास्टर म्हणाला, आता घेऊया, आणि सगळ्यांबरोबर तिनंही तो तुकडा तोंडात टाकला. पिठूळ, बेचव होता. तिनं डोळे मिटूनच तो गिळला आणि हात लांब करून श्रीरामचा हात धरला. त्याचा हात गार पडला होता. त्यानं तिचा हात असा घट्ट दाबला की तिची अंगठी रुतली.

बाहेर आल्यावर नीना नुसती फोनमधे बघत राहिली, आणि तेवढ्यावरून काय ते कळत होतं. दोघं उन्हातून गाडीपाशी आले. श्रीरामनं इंजिन सुरू केलं, एसी लावला, पण गाडी काढली नाही. आजूबाजूच्या गाड्या एकेक करून निघत होत्या. "वेडा आहेस तू," सुलेखा म्हणाली. तिचा आवाज अजून ओला होता. "माझ्यासाठी कशाला थांबलास? मी घेतलं होतं ना. मी ठरवूनच आले होते. आता मंगळवारचं काय?" श्रीराम तिच्याकडे बघत राहिला. "तुझ्यासाठी?" तो म्हणाला. मग त्यानं स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले. "सुलू, मला घेता येत नाही ते अजून. माझा बाप्तिस्मा झालेला नाही."

एसीचा आवाज होत होता. तो समोरच्या काचेकडे बघत बोलत होता, कोर्टात बोलतो तसा नाही, अडखळत. "पास्टरना म्हटलंय मी, इलेक्शन होऊन जाऊ दे. जिंको, हरो. आधी केलं तर लोक म्हणतील मतांसाठी केलं. लोकांचं जाऊ दे, मलाच तसं वाटत राहील. आणि ते न करता हे घ्यायचं, तर... खोटं खोटं नाही घेता येत गं ते. मला नाही येत." तो थांबला. "तुला सांगायचं होतं. रोज ठरवायचो. पण तू ते एडमंडचं काढून हसायचीस, आणि मग मलाही हसावं लागायचं. आईच्या देवांना तू दिवा लावतेस ते बघितलं की तोंडच उघडायचं नाही माझं. वाटायचं, हिनं माझ्यासाठी एवढं सांभाळलंय." सुलेखाला बोलायचं होतं, की तुझ्यासाठीच, फक्त तुझ्यासाठी, माझं त्यात काहीच नव्हतं रे. एवढी वर्षं घराच्या आतल्या खोलीची ती राखण करत होती आणि ज्याच्यासाठी करत होती तो केव्हाच बाहेर निघून गेला होता, तिच्याच धाडण्यानं. एडमंड कदाचित खरंच बोलत असेल. कदाचित त्याच्या मनात शेजाऱ्याबद्दल खरोखरच वैर होतं आणि त्या वैरानं तो खरोखरच कष्टी होता, दर रविवारी, आणि घरी येऊन मार्जरीला सांगायची त्याला हिंमत होत नसेल.

"पण तू घेतलंस," श्रीराम म्हणाला.

तो आता तिच्याकडे वळला होता. त्याचा चेहरा उघडा पडला होता, लग्नानंतर पहिल्या काही दिवसांत दिसायचा तसा, कसलंही संरक्षण नसलेला. "मी बघत होतो. आधी वाटलं, नीनानं सांगितलं म्हणून घेतलंस. पण मग तू डोळे मिटलेस. तुझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं, सुलू. आणि तू माझा हात धरलास." त्यानं हाताच्या पालथ्या बाजूनं नाक पुसलं, लहान मुलासारखं. "मला वाटलंच नव्हतं कधी. तुझ्या बाबांची मुलगी तू. कधीपासून? मला का नाही सांगितलंस?"

सुलेखाला समोर दोन वाक्यं दिसत होती. पहिलं खरं होतं आणि अगदी छोटं होतं: मी मतांसाठी घेतलं. जो माणूस मतांसाठी एक तुकडा तोंडात घालायला तयार झाला नाही, त्याला ते सांगायचं होतं. तिनं श्वास घेतला. तिला त्याची भीती वाटली, त्याच्या त्या आशेची, आणि ती आशा विझल्यावर गाडीत जे उरेल त्याची तर फारच. काल हाच माणूस तिला सराईत खोटारडा वाटला होता. आज त्याच्यासमोर बसून तिच्या तोंडून दुसरं वाक्य आलं, अगदी सहज, जरासं लाजूनसुद्धा.

"थोडे दिवस झाले," ती म्हणाली. "मलाही सांगायला जमत नव्हतं."

श्रीरामनं स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. त्याचे खांदे हलत होते, आणि तिला आधी कळेना की तो रडतोय की हसतोय. तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. इस्त्रीचा शर्ट घामानं ओला झाला होता.

"किती एकटा पडलो होतो गं मी," तो म्हणाला.

"हो," सुलेखा म्हणाली. "माहीत आहे मला."